बातमी पुढे पाठवण्याचा क्रम: वाचण्यापासून दुरुस्तीपर्यंत

गोव्यात वाड्यावरच्या ग्रुपवर, गावाच्या पेजवर किंवा जुन्या वर्गमित्रांच्या गटात रोज चार बातम्या आणि एखादी नवलाची गोष्ट टाकणारी माणसे असतात. त्यांच्या पोस्टवरून वाद पेटतात, लोक घाबरतात, कधी प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जाते. टाकणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते, त्याचा क्रम चुकलेला असतो. आधी पाठवायचे, मग मत लिहायचे, कोणी विचारले की बातमी उघडायची आणि सगळ्यात शेवटी तारीख बघायची, असे चालते. खाली तो क्रम सरळ करून दिला आहे. सवय झाली की साध्या बातमीला पाच मिनिटे पुरतात. नवलाच्या गोष्टींना जास्त वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा.

## तयारी

पाठवण्याजोगे जे काही सापडेल ते आधी तीनपैकी एका कप्प्यात टाका.

तातडीचे: पावसाचा इशारा, बंद रस्ता, रक्ताची गरज, हरवलेले मूल, शाळेची सुट्टी. इथे चूक झाली तर कोणाचे तरी प्रत्यक्ष नुकसान होते.

चर्चेचे: म्हादई नदीच्या पाण्याचा वाद, भूरूपांतर (शेतजमीन वगैरे बांधकामासाठी बदलणे), कॅसिनो, ग्रामसभेतला गोंधळ, न्यायालयाचा निकाल. इथे घाई कसलीच नसते. संध्याकाळी पाठवले तरी चालते.

नवलाचे: जुना फोटो, विचित्र प्राणी, इतिहासातली कथा, "जगात फक्त आपल्याकडे" अशा गोष्टी. यांना तारीखवार नसतो म्हणून लोक तपासतच नाहीत, आणि त्यामुळे सर्वांत जास्त चुका याच कप्प्यात होतात.

मग फोनमध्ये काही पाने हाताशी ठेवा: रोज वाचता ती दोन-तीन वृत्तपत्रे, त्यातले एक तरी तुमच्या मताच्या विरुद्ध बाजूचे, हवामान खात्याच्या पणजी केंद्राचे पान, राज्याच्या माहिती व प्रसिद्धी खात्याचे पान, गोवा सरकारचे राजपत्र, फोटोवरून शोध घेणारे गुगल लेन्स. केंद्र सरकारच्या नावाने फिरणाऱ्या योजना आणि आदेशांसाठी पीआयबी फॅक्ट चेक (केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा तपासणी विभाग) उपयोगी आहे, पण तिथे केंद्राशी संबंधित दावेच तपासले जातात. पंचायतीची किंवा राज्य सरकारची बातमी तिथे शोधत बसू नका.

एक साधी वही किंवा फोनमधली नोंद सुरू करा. पाठवलेली गोष्ट, मूळ कुठे सापडले आणि पाठवल्याची तारीख, एवढेच त्यात लिहायचे. शेवटच्या टप्प्यात तिची गरज पडेल.

तपासा: गोष्ट कोणत्या कप्प्यातली हे ठरवता येत नसेल, तर ती तुम्ही अजून नीट वाचलेली नाही.

## टप्पा १: शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

मथळा म्हणजे बातमी नव्हे. मथळ्यात "होणार" असते आणि आत "होण्याची शक्यता सूत्रांनी वर्तवली" असते. मथळ्यात प्रश्नचिन्ह असेल तर उत्तर बातमीत बहुधा नसतेच.

वाचताना तीन गोष्टींखाली मनात रेघ ओढा: कोण सांगते, नेमके काय घडले, आणि काय अजून घडलेले नाही. न्यायालयाच्या बातम्यांत तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. न्यायमूर्तींनी सुनावणीत प्रश्न विचारणे, ताशेरे ओढणे, अंतरिम आदेश देणे आणि अंतिम निकाल देणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. म्हादईच्या बाबतीत हा घोळ वारंवार दिसतो. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यातल्या पाणीवाटपावर लवादाचा निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये आला, त्याला राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि तेव्हापासून सुनावणीची नवी तारीख पडली तरी कोणीतरी "आपण जिंकलो" किंवा "म्हादई गेली" असे लिहून मोकळे होते. तारीख पडली असेल तर तारीख पडली एवढेच लिहावे.

पोलीस प्रकरणांतही शब्द जपून उचला. आपल्याकडची वृत्तपत्रे "संशयित" लिहितात ते उगाच नव्हे. संशयित, आरोपी आणि दोषी या पायऱ्या आहेत. बातमीत माणूस पहिल्या पायरीवर असताना तुमच्या टिपणात तो तिसऱ्या पायरीवर जाता कामा नये.

सावधान: लिंक उघडत नाही आणि फक्त मथळ्याचा स्क्रीनशॉट आहे, तर थांबा. वाचता आले नाही ते पाठवू नये.

## टप्पा २: मूळ गाठा

एखादी बातमी तुमच्यापर्यंत येते तेव्हा ती अनेक हातांतून गेलेली असते. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाणाचे चिन्ह असेल तर निरोप निदान पाच हातांतून पुढे आलेला आहे, आणि असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. चिन्ह नाही म्हणून निरोप ताजा समजू नका. मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण गायब होतात.

मूळ म्हणजे काय हे कप्प्यानुसार बदलते. शाळेच्या सुट्टीचे मूळ म्हणजे शिक्षण संचालनालयाचे परिपत्रक. भूरूपांतराचे मूळ राजपत्रातली अधिसूचना. मोठ्या माणसाच्या निधनाचे मूळ म्हणजे कुटुंब, रुग्णालय किंवा ज्या संस्थेशी ते जोडलेले होते ती संस्था. "आमच्या ओळखीच्या डॉक्टरने सांगितले" हे मूळ नव्हे, मग ते डॉक्टर खरेच गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) असोत.

कात्रणाचा फोटो आला असेल तर त्या वृत्तपत्राचा त्या दिवसाचा ई-पेपर उघडून तेच पान बघा. बनावट कात्रणात टंक थोडा वेगळा असतो, स्तंभाची रुंदी जुळत नाही आणि बातमीदाराचे किंवा गावाचे नाव नसते. पण डोळ्यांवर विसंबू नका. पान सापडले तर खरे.

मूळ शोधताना आपल्याकडे एक खास अडचण येते. गावांची नावे देवनागरीत एक आणि रोमी लिपीत पोर्तुगीज वळणाची दुसरीच. केपे तिथे "क्वेपेम" होते, डिचोली "बिचोलिम", कुडचडे "कुर्चोरेम", पेडणे "पेरनेम", साखळी "सांकेलिम". मराठीत शोधून काही मिळाले नाही की लोक "ही बातमी दाबली" म्हणतात. त्याआधी रोमी लिपीतल्या नावाने शोधा. बहुतेक वेळा बातमी मिळते.

तपासा: एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन ठिकाणी बातमी आहे का? पाच संकेतस्थळांनी एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर छापला असेल तर ते एकच ठिकाण झाले.

## टप्पा ३: तारीख

जुनी बातमी खोटी नसते, म्हणून ती पकडायला कठीण. कुडचडे-सावर्डे येथला पोर्तुगीजकालीन पदपूल १८ मे २०१७ रोजी कोसळला. पूल वापरासाठी बंद होता, नदीत चाललेले शोधकार्य पाहायला लोक त्यावर जमले होते. त्या घटनेचा व्हिडिओ एखाद्या जुलैत, मुसळधार पावसात, तारखेविना आला तर पाहणाऱ्याला पूल आज पडल्यासारखाच वाटेल आणि तो नातेवाइकांना फोन लावत सुटेल.

म्हणून पाठवण्याआधी दोन तारखा शोधा: घटना कधी घडली आणि बातमी कधी छापली. संकेतस्थळावर वरच्या बाजूला अनेकदा "अद्ययावत" केल्याची तारीख असते, ती फसवते. खालची मूळ प्रकाशनाची तारीख पाहा.

हवामानाच्या इशाऱ्याला तर तारखेखेरीज अर्थच नाही. चित्रावर इशारा केव्हा काढला आणि कोणत्या दिवसासाठी आहे, हे दोन्ही असते. कालचा लाल रंग आज फिरवणे हा आपल्याकडचा पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार. रंगांचा अर्थही पक्का करून घ्या: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. लाल इशारा म्हणजे शाळेला सुट्टी, असे नाही. सुट्टीचा निर्णय सरकार वेगळा जाहीर करते, आणि तो जाहीर झाल्याशिवाय "उद्या सुट्टी" लिहिणे म्हणजे शेकडो पालकांची सकाळ बिघडवणे.

रक्ताची गरज आणि हरवलेल्या माणसांचे निरोप वर्षानुवर्षे फिरतात. रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो, मूल त्याच संध्याकाळी सापडलेले असते, आणि त्या घरचा फोन मात्र वाजतच राहतो. दिलेल्या क्रमांकावर आधी स्वतः फोन करा. गरज चालू आहे असे कळले तर "आज अमुक वाजता फोनवर खात्री केली" अशी ओळ जोडून पाठवा. फोन लागत नसेल तर पाठवू नका. दया येते म्हणून पाठवले, हे मी समजू शकतो, पण फोन करायला दोन मिनिटे लागतात.

## टप्पा ४: जागा

गोवा लहान आहे, म्हणून जागा चुकणार नाही असे वाटते. उलट इथेच जास्त चुकते.

फोंडाघाट सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यात आहे. तिकडची माणसे त्याला नुसते फोंडा म्हणतात. "फोंड्यात दरड कोसळली, वाहतूक बंद" असा निरोप कोल्हापूरच्या वाटेबद्दल असतो आणि इकडे फोंडा तालुक्यातले लोक घरातून निघायचे थांबतात. शिरोडा आपल्या फोंडा तालुक्यात आहे तसा वेंगुर्ले तालुक्यातही आहे. केरी तर गोव्यातच तीन: सत्तरीत, पेडण्यात आणि फोंड्यात. कोलवा सासष्टीत समुद्रकाठी, कोलवाळ बार्देशात. कोलवाळच्या कारागृहातली बातमी कोलव्याच्या नावावर खपवली की पर्यटकांचे फोन सुरू होतात.

यावर उपाय एकच. गावापुढे तालुका लिहिल्याशिवाय पाठवायचे नाही. "केरी, सत्तरी". "शिरोडा, वेंगुर्ले". दोन अक्षरे जास्त, पण गोंधळ संपतो.

## टप्पा ५: फोटो आणि व्हिडिओ

फोटो असेल तर तो गुगल लेन्समध्ये टाका आणि सर्वांत जुना कुठे दिसतो ते बघा. टिनआय नावाच्या संकेतस्थळावर निकाल जुन्यापासून लावता येतात, ते या कामाला सोयीचे. व्हिडिओ असेल तर तीन-चार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या: सुरुवातीचे दृश्य, सर्वांत स्पष्ट दृश्य, आणि पाटी किंवा वाहन दिसते ते दृश्य. प्रत्येक स्क्रीनशॉट वेगळा शोधा.

मग डोळ्यांनी वाचा. वाहनांचे क्रमांक जीए, एमएच की केए? दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत? बस गोव्याच्या कदंब महामंडळाची आहे का? माती जांभ्याची लाल आहे का? माणसे काय बोलतात, आणि आवाज त्याच दृश्याचा आहे की मागाहून जोडलेला? आवाज बंद करून एकदा आणि दृश्य न पाहता एकदा, असा दोनदा व्हिडिओ घ्या. जोड लगेच लक्षात येते.

संगणकाने बनवलेले व्हिडिओ आता इतके सफाईदार असतात की हाताची बोटे मोजून भागत नाही. पाट्यांवरची अक्षरे नीट वाचता येतात का, मागून चालणारा माणूस खांबाआड जाऊन तोच बाहेर येतो का, सावल्या एकाच दिशेला पडतात का, हे बघा. त्याहून भरवशाची कसोटी वेगळी आहे. एवढी मोठी गोष्ट भरवस्तीत घडली तर ती एकाच कोनातून, एकाच फोनवर कशी टिपली गेली? म्हापशाच्या बाजारात गवा शिरला तर दहा मिनिटांत दहा व्हिडिओ येतील.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र उलटीही चूक होते. मगर दिसली की लोक "हे आफ्रिकेतले" म्हणून उडवून लावतात. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत आणि त्या सर्वांना माहीत असायला हव्यात. खरे ते खोटे म्हणून खोडून काढणे हीदेखील चुकीची माहितीच.

सावधान: "खात्री नाही, पण पाठवतो" ही ओळ तुम्हाला वाचवत नाही. पुढचा माणूस ती ओळ काढून पाठवतो.

## टप्पा ६: आकडे आणि "पहिला, सर्वांत मोठा, एकमेव"

नवलाच्या कप्प्यात सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

एक नेहमीचे वाक्य घेऊ: "आशियातला पहिला छापखाना गोव्यात सुरू झाला." दर काही महिन्यांनी हे कुठे ना कुठे येते. यातले पक्के काय? १५५६ मध्ये जुने गोवे येथे सेंट पॉल कॉलेजात छपाई यंत्र सुरू झाले. भारतातली ती पहिली मुद्रणयंत्रणा, हे ठाम सांगता येते. गार्सिया द ऑर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. पण आशियातला पहिला? चीनमध्ये लाकडी ठोकळ्यांवरून छापलेल्या वज्रसूत्राच्या प्रतीवर इसवी सन ८६८ ची तारीख आहे, आणि कोरियात धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापलेले जिकजी हे पुस्तक १३७७ चे आहे. तेव्हा वाक्य दुरुस्त करून असे लिहावे: "युरोपीय पद्धतीचा भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला." गोव्याचा मान याने तसूभरही कमी होत नाही. उलट बाहेरचा जाणकार वाचेल तेव्हा आपल्याला खाली पाहावे लागत नाही.

"पहिला" दिसला की विचारायचे प्रश्न असे: कुठल्या प्रदेशातला? कोणत्या प्रकारचा? कोणाच्या नोंदीनुसार? पहिला सुरू झालेला, की आजही चालू असलेल्यांतला सर्वांत जुना? बहुतेक "पहिले" या प्रश्नांनी लहान होतात आणि खरे होतात.

वयाच्या आकड्यांचेही तसेच. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठावर उसगाळीमळ येथे जांभ्या दगडात कोरलेली प्राचीन चित्रे आहेत, चक्रव्यूहासारखी वर्तुळे आहेत. त्यांचे वय प्रत्येक पोस्टमध्ये निराळे, कधी काही हजार, कधी दहापट. दगडातल्या कोरीव रेषांचे वय काढणे अवघड असते आणि अभ्यासकांचे अंदाज वेगवेगळे आहेत. अशा वेळी सर्वांत मोठा आकडा उचलू नका. "प्रागैतिहासिक मानली जाणारी" एवढे लिहा, आकडा द्यायचाच तर तो कोणाचा अंदाज ते लिहा.

पावसाचे आकडे हा आणखी एक नेहमीचा खड्डा. आपण इंचांत बोलतो, हवामान खाते मिलिमीटरमध्ये मोजते. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीपासून पुढे "जोरदार", ११५.६ पासून "अति जोरदार" आणि २०४.५ मिमी व त्याहून जास्त म्हणजे "अत्यंत जोरदार". त्यांचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा असतो. म्हणून "काल सांग्यात शंभर इंच पाऊस" असे कोणी लिहिले तर ते मोसमाचे आतापर्यंतचे एकूण आहे, एका दिवसाचे नव्हे, हे लगेच ओळखता आले पाहिजे.

आणि मानांकन. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाला २०२३ मध्ये. यावर "पेटंट मिळाले" असे लिहू नका. पेटंट नव्या शोधाला असते. भौगोलिक मानांकन त्या प्रदेशाशी बांधलेल्या वस्तूच्या नावाला असते.

तपासा: आकड्यासोबत एकक, जागा, काळ आणि मोजणारा, या चारही गोष्टी आहेत का? एखादी नसेल तर आकडा गाळा, बातमी ठेवा.

## टप्पा ७: काय गाळायचे

इतके करून बातमी खरी ठरली तरी सगळी पाठवता येत नाही.

अपघातातल्या मृताचा फोटो, रक्त, वाहनाचा क्रमांक: कधीच नाही. घरच्यांना बातमी पोलिसांकडून कळायच्या आधी ग्रुपवरून कळणे याहून क्रूर काही नाही, आणि गाव लहान असले की हे घडते.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ लागू होते. ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. शाळा, वाडा, वडिलांचे दुकान, घराचा फोटो, यातून गावातल्या कोणालाही कळत असेल तर ओळख उघड झालीच.

आत्महत्येच्या बातमीत पद्धत, जागा आणि चिठ्ठीतला मजकूर गाळा. पाठवणे गरजेचेच असेल तर खाली टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या.

आपत्तीबाबत खोटा इशारा फिरवून घबराट पसरवल्यास आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ प्रमाणे एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो. अफवेने लोकांत भीती किंवा वैर पसरवण्याबाबत न्याय संहितेचे कलम ३५३ आहे. ॲडमिनना सतत भीती असते ती वेगळी: दुसऱ्या सदस्याच्या पोस्टसाठी आपण तुरुंगात जाऊ का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर केवळ ॲडमिन आहे म्हणून तो जबाबदार धरला जात नाही. तरीही ॲडमिनला कोणाचाही निरोप सर्वांसाठी काढून टाकता येतो, आणि तो अधिकार वेळेवर वापरावा.

ई-पेपरची अख्खी पीडीएफ टाकणे बंद करा. ते कॉपीराइटचे उल्लंघन आहे, आणि ज्या बातमीदाराच्या कष्टावर आपण चर्चा करतो त्याचेच त्यात नुकसान होते. दोन-तीन ओळी उद्धृत करा, वृत्तपत्राचे नाव लिहा, लिंक द्या.

## टप्पा ८: टिपण लिहा

आता कुठे लिहायला बसायचे. टिपणाचे दोन भाग, मध्ये एक ओळ कोरी. वरच्या भागात फक्त माहिती: कधी, कुठे, काय, कोण सांगते. खालच्या भागात तुमचे मत, आणि ते मत आहे हे दिसेल असे.

समजा, चोर्ला घाटात झाड पडले आहे. ग्रुपवर येते ते असे:

"चोर्ला घाट बंद!!! सरकार झोपले आहे का??? जास्तीत जास्त शेअर करा"

लिहावे ते असे:

"१५ जुलै, मंगळवार, सकाळी ७.४०. चोर्ला घाटात, केरी (सत्तरी) सोडून वर चढताना झाड आडवे पडले आहे. मोठी वाहने अडली आहेत, दुचाकी कडेने जातात. बेळगावहून आलेल्या बसच्या वाहकाशी बोलून ही माहिती घेतली. अग्निशमन दलाला कळवले आहे. रस्ता मोकळा झाला की इथेच लिहितो.

माझे मत: या वळणावरची धोकादायक झाडे मे महिन्यातच पाहायला हवी होती. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडू या."

पहिल्या निरोपाने कोणाला काय करावे ते कळत नाही. दुसरा वाचून बेळगावला निघालेला माणूस वाट बदलू शकतो, आणि ज्याला सरकारवर टीका करायची आहे त्यालाही जागा उरते.

मत लिहिताना तीन सवयी सोडा. पहिली, बातमीतल्या एका माणसावरून अख्ख्या समाजाला बोलणे. गुन्ह्याची बातमी आली की संशयित कुठल्या राज्याचा, "भायलो" (बाहेरचा) आहे का, यावर सुरू होणारी चर्चा गुन्ह्याबद्दल काहीच सांगत नाही. दुसरी, "मीडिया हे दाखवणार नाही" असे लिहून त्याखाली वृत्तपत्राचेच कात्रण जोडणे. तिसरी, भाषेचा वाद. मराठी-कोकणी, देवनागरी-रोमी यावर बातमी असेल तर जरूर बोला. पण रस्त्याच्या खड्ड्याची बातमी कोणी कोणत्या भाषेत लिहिली यावर भांडू नका.

नवलाच्या गोष्टीचे टिपण थोडे वेगळे. तिथे सुरुवात पक्क्या भागाने करा, मग आख्यायिका आख्यायिका म्हणूनच सांगा. "असे सांगतात की" हे शब्द मराठीत त्यासाठीच आहेत. देवळाची कथा पुराव्याने सिद्ध नाही म्हणून ती सांगू नये असे नाही. ती इतिहास म्हणून विकू नये, एवढेच. आणि शेवटी एक प्रश्न टाका ज्याचे उत्तर गटातल्या जाणत्यांकडे असू शकेल: "आपल्या गावात अशी कोरीव चित्रे कोणी पाहिली आहेत का?" अशा प्रश्नांतून मला छापील पुस्तकांत नसलेली माहिती मिळाली आहे.

तपासा: मताचा भाग झाकला तरी माहिती पूर्ण समजते का? समजत नसेल तर वरचा भाग पुन्हा लिहा.

## टप्पा ९: पाठवण्याची वेळ आणि प्रमाण

तातडीचे लगेच, ज्यांना त्याची गरज आहे त्यांनाच. काणकोणचा बंद रस्ता पेडण्याच्या ग्रुपवर टाकून उपयोग नाही. चर्चेचे संध्याकाळी, आणि तुम्ही पुढचा एक तास उत्तर द्यायला मोकळे असाल तेव्हाच. बातमी टाकून झोपी गेलात तर सकाळी साठ निरोपांचे भांडण तुमच्या नावावर असते. चवथ (गणेशचतुर्थी), शिगमो (शिमगा), फेस्त (चर्चचा उत्सव) या दिवसांत वादाचे विषय बाजूला ठेवा.

एका वेळी एक. चार लिंक एकदम टाकल्या तर एकही वाचली जात नाही आणि उत्तरे कोणत्या बातमीवरची तेच कळत नाही.

## टप्पा १०: पाठवल्यानंतर

कोणी शंका काढली तर आधी त्याचे आभार माना, मग मूळ दाखवा. मूळ दाखवता येत नसेल तर शंका बरोबर आहे असे धरा आणि पुन्हा शोधा. वाद दोन फेऱ्यांपुढे गेला आणि नवी माहिती येत नसेल तर "माझ्याकडे एवढेच आहे" लिहून थांबा.

चूक निघाली तर दुरुस्तीचाही क्रम आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. तारखेची, गावाची चूक असेल तर तिथेच सुधारा. नंतर लक्षात आले तर मूळ निरोपाला उत्तर म्हणून दुरुस्ती लिहा, म्हणजे दोन्ही एकत्र दिसतात. निरोप सर्वांसाठी पुसण्याची सोय साधारण दोन दिवस राहते, पण दुरुस्ती लिहिण्याआधी पुसू नका. पुसल्यावर लोकांच्या डोक्यात चूक राहते आणि ती कोणी दुरुस्त केली हे कळत नाही. ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांच्याकडच्या प्रती तशाच राहतात हेही विसरू नका. म्हणून दुरुस्तीत स्पष्ट लिहा: "सकाळी पाठवलेली अमुक बातमी चुकीची आहे. बरोबर माहिती अशी. ज्यांनी पुढे पाठवली त्यांनी ही दुरुस्तीही पाठवावी." एखाद्या माणसाच्या नावाची चूक असेल तर त्या माणसाला स्वतः फोन करा.

संकेतस्थळावरची बातमी नंतर बदलली किंवा काढली जाऊ शकते. महत्त्वाची असेल तर पाठवतानाच तिची प्रत वेबॅक मशीनवर (संकेतपानांच्या प्रती जपून ठेवणारे संकेतस्थळ) जतन करून दुवा वहीत ठेवा.

वहीचा खरा उपयोग पाठपुराव्याला. गाजलेल्या बहुतेक बातम्यांचे पुढे काय झाले ते कोणी सांगत नाही. चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल आला का? सुनावणी पुढे ढकलली, ती कोणत्या तारखेला? खड्डा बुजवू म्हणाले, बुजवला का? महिन्यातून एकदा वही चाळा, अशा दोन-तीन बातम्या निवडा, संबंधित खात्याला किंवा पंचाला विचारा आणि "जूनमध्ये पाठवलेल्या बातमीचे पुढे असे झाले" म्हणून टिपण लिहा. उत्तर मिळाले नसेल तर कोणाला, कोणत्या तारखेला विचारले तेही लिहा आणि वहीत पुढची तारीख टाकून ठेवा.